डोळ्यांत डोळे घालून क्युबा सुटला नाही

अनुस्वार

गेल्या आठवड्यात एक पोस्ट बरीच फिरली. मजकूर साधारण असा: १९६२ च्या ऑक्टोबरात रशियाने क्युबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रे बसवल्याचे उघड झाले, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली, अध्यक्ष केनेडी खंबीर उभे राहिले, रशियाचे नेते ख्रुश्चेव्ह बिचकले, रशियन जहाजे माघारी वळली आणि जग वाचले, सबब संकटात नेता पोलादी मनाचा हवा, वाटाघाटी ही कमकुवतांची कामे. खाली ‘अगदी खरे’ म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. वाचून मला संताप आला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखे ते नाही, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

ही सगळी गोष्ट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या २४ ऑक्टोबरच्या उद्गारावर उभी आहे. आपण आमनेसामने होतो आणि समोरच्याची पापणी लवली, अशा अर्थाचे ते बोलले. पण क्षेपणास्त्रे घेऊन चाललेले किमोव्हस्क हे जहाज त्या क्षणी नाकेबंदीच्या रेषेपासून शेकडो मैल लांब होते आणि आदल्या दिवशीच मागे फिरले होते. वॉशिंग्टनला ते एक दिवस उशिरा कळले. आमनेसामने कोणी आलेच नव्हते.

आता ते पोलादी मन. यू-२ या हेरविमानाने काढलेली छायाचित्रे १६ ऑक्टोबरला पाहिल्यावर केनेडींचा स्वतःचा कल हवाई हल्ल्याकडे होता. त्यांनीच गुपचूप बसवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर ते ऐकायला मिळते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत निर्णय द्यावा लागला असता तर बॉम्ब पडले असते. बातमी सहा दिवस फुटली नाही, म्हणून मत बदलायला सवड मिळाली. १९ तारखेला हवाई दलप्रमुख लमे यांनी तोंडावर म्युनिकचा (१९३८ मध्ये हिटलरपुढे नमते घेतल्याचा) दाखला देऊन नाकेबंदीला जवळजवळ शरणागती ठरवले. २१ तारखेला जनरल स्वीनी यांना सरळ विचारले, पहिल्याच माऱ्यात सगळी क्षेपणास्त्रे जातील का? त्यांनी हमी दिली नाही. इथे केनेडींचा एक गुण कामी आला: सेनापतीला आकडा विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचे. याला कोणी पोलाद म्हणत असेल तर माझी हरकत नाही.

आणि शेवट कशाने झाला? २७ तारखेच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी रशियाचे राजदूत दोब्रीनिन यांना सांगितले की तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत निघतील, मात्र वाच्यता करायची नाही. ती १५ होती आणि एप्रिल १९६३ पर्यंत निघाली. हे आश्वासन अमेरिकेच्या बाजूला जेमतेम नऊ जणांना ठाऊक होते, उपाध्यक्ष जॉन्सन यांनासुद्धा नव्हते. म्हणजे देवाणघेवाण झाली, फक्त झाकून झाली. ज्यांना ती दिसली नाही त्यांनी पापणीची गोष्ट पुढच्या पिढीला दिली.

माझे म्हणणे एवढेच. स्वभावाचा वाटाघाटीवर परिणाम होतो, खूप होतो; पण निर्णायक गुण छाती नव्हे, समोरच्याने घरी काय न्यायचे हे सुचणे. केनेडींच्या सल्लागारांच्या खोलीत ते सर्वांत आधी ल्यूएलिन थॉम्पसन यांना सुचले. मॉस्कोत राजदूत असताना ख्रुश्चेव्ह यांच्याशी त्यांचा घरोबा होता. २७ तारखेला केनेडी म्हणत होते की आता बोलण्याने ही क्षेपणास्त्रे निघणार नाहीत. थॉम्पसन यांनी अध्यक्षांना तिथल्या तिथे विरोध केला: ‘मी क्युबा वाचवला’ असे सांगता आले तर ख्रुश्चेव्ह यांना तेवढे पुरेल. पुरले.

तोलकाटा

मेहनतीचा लेख आहे, पण निष्कर्ष तुमच्याच पुराव्यातून निघत नाही.

क्युबा फ्लोरिडापासून ९० मैलांवर. त्या समुद्रात रशियाचे आरमार जवळपास नाही. अमेरिकेवर पोचणारी रशियाची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे काही डझन, अमेरिकेकडे त्याच्या कित्येक पट आणि वर हजारावर बॉम्बर. असा तराजू असताना ख्रुश्चेव्ह यांच्या जागी कोणीही असता, शांत, तापट, हसरा, रडका, त्याने माघारच घेतली असती. फक्त किती किंमत वसूल करायची हा प्रश्न होता.

२५ ऑक्टोबरच्या प्रेसिडियमच्या (रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाच्या) बैठकीची टिपणे उपलब्ध आहेत. क्युबावर हल्ला न करण्याचे वचन मिळाले तर क्षेपणास्त्रे काढू, हे ख्रुश्चेव्ह तिथेच बोलून गेले होते. म्हणजे थॉम्पसन यांच्या मानसशास्त्राच्या दोन दिवस आधी. हिशोब आधी झाला, स्वभावाचा साज इतिहासकारांनी नंतर चढवला.

अनुस्वार

तोलकाटा, हिशोबच सगळे ठरवत असेल तर क्षेपणास्त्रे तिथे गेलीच कशी? तराजू तर मे १९६२ मध्येही तोच होता.

आधी जून १९६१ ची व्हिएन्ना भेट बघा. ख्रुश्चेव्ह यांनी दोन दिवस केनेडींना अक्षरशः झोडपले. ते स्वतः केनेडींनी नंतर पत्रकार जेम्स रेस्टन यांच्याकडे कबूल केले. हा तरुण दबतो, असा ग्रह ख्रुश्चेव्ह घेऊन गेले. आणि मग लपवाछपवी. अमेरिकेने तुर्कस्तानात क्षेपणास्त्रे उघड कराराने ठेवली होती. क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांनाही उघड करार हवा होता. ऑगस्टच्या अखेरीस त्यांचे सहकारी चे गेव्हारा आणि अरागोनेस तेवढ्यासाठी मॉस्कोला गेले. ख्रुश्चेव्ह यांनी नकार दिला. आधी गुपचूप बसवू, नोव्हेंबरात जगाला धक्का देऊ, असा त्यांचा बेत. उघड करार असता तर अमेरिकेला कायद्याचा आधार शोधताना नाकी नऊ आले असते. लपवल्यामुळे खोटे बोलणे पकडले गेले आणि अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा ठराव २३ तारखेला केनेडींच्या बाजूने गेला. ही जुगारी खेळी कोणत्या तराजूत बसते, ते सांगा. ख्रुश्चेव्ह यांचे सहकारी मिकोयान यांनी सुरुवातीलाच धोका सांगितला होता. तीच खुर्ची मिकोयान यांच्याकडे असती तर ती जहाजे निघालीच नसती.

दर्यावर्दी

दोघेही वरच्या मजल्यावरच्या खोलीत अडकला आहात. संकट खाली पाण्यात होते.

नाकेबंदी म्हणजे काय ते टप्प्याटप्प्याने बघा. शांततेच्या काळात ‘ब्लॉकेड’ म्हणजे युद्धाची कृती, म्हणून शब्द घेतला ‘क्वारंटाइन’. अडवायची फक्त आक्रमक शस्त्रे. तेल आणि अन्न सोडायचे. अंमल २४ तारखेला सकाळी १० पासून. जहाज दिसले की आधी ओळख विचारायची, मग थांबण्याचा इशारा, न ऐकल्यास नाळेपुढे गोळा, तरीही न ऐकल्यास सुकाणूवर मारा. प्रत्येक पायरीवर युद्ध सुरू होऊ शकते आणि प्रत्येक पायरीचा निर्णय एखाद्या विनाशिकेच्या कप्तानाकडे. संरक्षणमंत्री मॅकनमारा नौदलाच्या नियंत्रण कक्षात जाऊन ॲडमिरल अँडरसन यांच्याशी भांडले ते याच मुद्द्यावर: जहाज थांबले नाही तर नेमके काय करणार आहात?

मग जहाजांची निवड. बुखारेस्ट तेलवाहू होते, ते २५ तारखेला न तपासता जाऊ दिले. २६ तारखेला मारुक्ला थांबवून तपासले, कारण ते लेबननमध्ये नोंदलेले आणि रशियाने भाड्याने घेतलेले. रशियन झेंड्याला हात न लावता नाकेबंदी खरी असल्याचे दाखवायला याहून योग्य जहाज नव्हते. इतकी काळजी वरून घेतली जात होती.

आणि तरी काय सुटले? रशियाच्या चार पाणबुड्या तिथे होत्या, प्रत्येकीवर एक अण्वस्त्री टॉर्पेडो. अमेरिकन नौदलाला हे माहीत नव्हते. पाणबुड्यांना वर आणायला सरावाचे छोटे स्फोटके टाकायची, अमुक संख्येने टाकली की तो ‘वर या’ असा इशारा, ही पद्धत अमेरिकेने मॉस्कोला कळवली होती. पाणबुड्यांपर्यंत ती पोचली नाही. २७ तारखेला बी-५९ च्या पोटात तापमान ४५ अंशांच्या वर, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही, डोक्यावर धमाके. त्याच पाणबुडीवर असलेल्या ओर्लोव्ह यांच्या आठवणीनुसार कप्तान सावित्स्की यांनी टॉर्पेडो सज्ज करायला सांगितला आणि अर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केले. अर्खिपोव्ह त्या पाणबुडीचे कप्तान नव्हते, ब्रिगेडचे स्टाफप्रमुख म्हणून त्या फेरीत तिच्यावर होते. इतर तीन पाणबुड्यांवर ते नव्हते.

त्याच दिवशी क्युबावर वैमानिक मेजर अँडरसन (वरचे ॲडमिरल नव्हेत) यांचे यू-२ पाडले गेले, तेही स्थानिक रशियन सेनापतींच्या हुकमाने. ख्रुश्चेव्ह यांना विचारले नव्हते. मॉल्ट्सबी यांचे दुसरे यू-२ वाट चुकून सैबेरियाच्या चुकोत्कावर गेले. केनेडींना त्याची कल्पना नव्हती.

स्वभावाची चर्चा करायचीच तर अर्खिपोव्ह यांच्या स्वभावाची करा. अध्यक्षांचा स्वभाव कितीही थंड असला तरी त्याचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

रानजाई

दर्यावर्दी, प्रतिसाद फार आवडला, एक भर घालते. हात पोचत नाही याचे मोठे कारण तारायंत्र.

ख्रुश्चेव्ह यांचे २६ तारखेचे लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीत दुपारी पावणेपाचच्या सुमाराला दिले गेले, म्हणजे वॉशिंग्टनला सकाळी पावणेदहा. तिथे भाषांतर, मग संकेतलिपी, मग तुकड्यातुकड्यांनी तार. शेवटचा तुकडा वॉशिंग्टनला रात्री ९ च्या आसपास. दहा-बारा तास गेले. उलट बाजूला दोब्रीनिन यांची सांकेतिक तार न्यायला वेस्टर्न युनियनचा मुलगा सायकलवरून यायचा. म्हणून २७ आणि २८ तारखेचे महत्त्वाचे निरोप रेडिओ मॉस्कोवरून जाहीर वाचले गेले, तोच सर्वांत जलद मार्ग होता. पण जाहीर बोलले की माघारीची वाट अरुंद होते, ही त्याची किंमत. पुढे २० जून १९६३ ला हॉटलाइनचा करार झाला तो यातूनच. तीही टेलिफोन नव्हे, टेलिप्रिंटर; प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहायचे, म्हणजे घाईत तोंडून काही निसटत नाही आणि दुभाष्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

आता अनुस्वार, तुमच्या ‘स्वभाव ओळखण्या’बद्दल. २६ चे पत्र भावनेने ओथंबलेले. युद्धाची गाठ दोन्ही टोकांनी ओढू नका, ती इतकी घट्ट होईल की बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, असा आशय. २७ चे पत्र कोरडे, तुर्कस्तानची किंमत मागणारे. त्या खोलीत तर्क सुरू झाले की पहिले ख्रुश्चेव्ह यांचे आणि दुसरे कट्टरपंथीयांचे, म्हणजे क्रेमलिनमध्ये सत्ता हातची गेली. तसे काही नव्हते. दोन्ही ख्रुश्चेव्ह यांचीच. मधल्या काळात अमेरिका लगेच हल्ला करणार नाही असे त्यांना वाटू लागले, तुर्कस्तानची अदलाबदल अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या स्तंभात २५ तारखेला छापूनही आली होती, म्हणून मागणी वाढवली. स्वभाव वाचण्यात मुरलेले लोक पार फसले. थॉम्पसन यांचे एक वाक्य बरोबर निघाले म्हणून ती विद्या सिद्ध होत नाही.

अनुस्वार

रानजाई, हा घाव बसला, मान्य करतो. पत्राच्या सुरावरून माणूस ओळखण्याचा प्रयत्न त्या दिवशी फसला. पण थॉम्पसन सुरावरून ओळखत नव्हते, वर्षानुवर्षे समोर बसून ओळखत होते. हा फरक मी सोडणार नाही.

माणदेशी

धागा वाचतो आहे आणि एक गोष्ट खटकते. क्युबाच्या पाणबुड्यांचे तापमान सगळ्यांना पाठ, पण त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीन नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये घुसला होता याचा उल्लेख एकानेही केला नाही. २५ तारखेच्या प्रावदाने, म्हणजे रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने, मॅकमोहन रेषेला कुप्रसिद्ध म्हटले आणि चीनची बाजू उचलली, कारण क्युबात अडकलेल्या ख्रुश्चेव्ह यांना तेव्हा चीनला दुखवायचे नव्हते. क्युबा निवळल्यावर ५ नोव्हेंबरला सूर पुन्हा मध्यावर. तुमच्या त्या मोठ्या वाटाघाटीची किंमत आपण इथे मोजत होतो.

आणि नेत्याच्या स्वभावाने वाटाघाट कशी बिघडते याचा दाखला हवा असेल तर हवानाला कशाला जाता? ताश्कंद घ्या, १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतरची बोलणी. ४ ते १० जानेवारी १९६६. पाकव्याप्त काश्मीरमधली हाजी पीर खिंड साडेआठ हजार फुटांवर. २८ ऑगस्ट १९६५ ला रणजितसिंग दयाल आणि त्यांच्या जवानांनी रात्रभर चढून घेतली. उरी-पुंछ थेट रस्ता त्यामुळे आपल्या हाती आला, घुसखोरीची नळी बंद झाली. ती परत देणार नाही, असे शास्त्रीजी जाहीर बोलून गेले होते. आणि यजमान, रशियाचे पंतप्रधान कोसिगिन यांनी या बंगल्यातून त्या बंगल्यात सहा दिवस फेऱ्या मारून त्यांच्याकडून ती सोडवून घेतली. शास्त्रीजी सज्जन, समोरच्याला ‘नाही’ म्हणायला संकोचणारे. सौम्य माणसाला यजमान गाठतो तो असा. इंदिराबाई असत्या तर हाजी पीर आज आपली असती.

तोलकाटा

माणदेशी, नकाशा पूर्ण उघडा. हाजी पीर आपल्याकडे होती, पण छांब-जौरियां पाकिस्तानकडे होते. जौरियांहून अखनूर हाकेच्या अंतरावर, आणि अखनूरचा चिनाबवरचा पूल गेला की राजौरी-पुंछ भागाची रसद तुटते. खेमकरणही त्यांच्याकडे. पाकिस्तानची अट साधी होती: हाजी पीर नाही तर छांब नाही. भारताच्या दाव्यानुसार आपल्याकडे सुमारे १९२० चौरस किलोमीटर आणि त्यांच्याकडे ५४०. हा आकडा तुम्ही पुढे आणाल म्हणून आधीच सांगतो: क्षेत्रफळाने अखनूरचा पूल सुरक्षित होत नाही.

दुसरे, २० सप्टेंबर १९६५ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २११. त्यात ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परत जा, असे स्पष्ट होते आणि शस्त्रसंधी आपण त्याच ठरावाखाली मान्य केली होती. ताश्कंद करारात २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत मागे जाण्याची मुदत आली ती त्याच ५ ऑगस्टच्या आधारावर. कोसिगिन यांनी शास्त्रींना हेच दाखवले: नाही म्हणालात तर परिषदेत रशियाचा व्हेटो गृहीत धरू नका. यात सौम्यपणा कुठे आला? वज्रासारखा पंतप्रधान असता तरी पर्याय तेच होते.

माणदेशी

तुम्हाला प्रत्येक ठिकाणी ठरावाचा क्रमांक आठवतो आणि चढून गेलेला जवान आठवत नाही, हीच माझी तक्रार आहे. ‘दुसरा पर्यायच नव्हता’ हे वाक्य प्रत्येक गमावलेल्या टेबलावर नंतर उच्चारले जाते. ठरावात ५ ऑगस्ट होते कारण घुसखोर ५ ऑगस्टला आले. घुसखोर पाठवल्याचे पाकिस्तानने कबूल केलेच नव्हते. मग घुसखोरांची वाट परत देताना कबुलीची एक ओळ तरी लिहून घ्यायची. ती मिळाली का? नाही. बळाचा वापर करणार नाही असे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या आधाराने दोघांनी म्हटले, आणि पाकिस्तानात पोचताच त्याचा अर्थ ‘काश्मीर सुटेपर्यंत हे लागू नाही’ असा सांगितला गेला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भुट्टो ताश्कंदला हजर होते, परत जाऊन त्यांनी त्याच करारावर अध्यक्ष अयुब खानांचे राजकारण पोखरले.

आणि यशवंतराव तिथेच होते. संरक्षणमंत्री म्हणून. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण अभिमानाने सांगतो, मग हाजी पीरच्या वेळी सह्याद्री उठून का गेला नाही? महावीर त्यागी यांनी मंत्रिपद सोडले. यशवंतरावांनी नाही.

रानजाई

माणदेशी, हे अन्यायाचे आहे आणि मी ते असे जाऊ देणार नाही.

संरक्षणमंत्री वाटाघाटीच्या टेबलावरून उठून जातो तेव्हा काय होते, याचा विचार करा. पंतप्रधान एकटे पडतात, यजमानाला फूट दिसते, आणि पुढच्या बैठकीत दर वाढतो. यशवंतरावांची पद्धत आत मत सांगायची आणि बाहेर एका आवाजात बोलायची होती. १९६२ च्या नोव्हेंबरात ते दिल्लीला गेले तेव्हा मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास उडालेला होता. तीन वर्षांत तो परत जुळवला तो याच पद्धतीने. त्याच जोरावर ६ सप्टेंबर १९६५ ला लाहोरची आघाडी उघडली गेली. छांबवरचा दाब कमी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची, हा निर्णय शास्त्रींच्याच सरकारचा. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असा माणूस असा निर्णय घेत नाही. तुम्ही शास्त्रीजींचा आवाज मऊ होता यावरून मन मऊ होते असे धरून चालला आहात.

त्यागी दिल्लीत होते, पुनर्वसनमंत्री होते. त्यांच्या राजीनाम्याने एक मत नोंदले गेले, वाटाघाट बदलली नाही. ती सहीनंतरची गोष्ट आहे.

माणदेशी

लाहोरचा मुद्दा खरा आहे. तो निर्णय शास्त्रीजींचाच, आणि तो मऊ माणसाचा नाही. तेवढा शब्द मागे घेतो. यशवंतरावांबद्दल नाही घेत.

अनुस्वार

धागा क्युबाचा होता याची आठवण करून देतो. पण इतके झालेच आहे तर माणदेशींच्या ‘इंदिराबाई असत्या तर’ला उत्तर द्यायला हवे, कारण तेही पोलादी मनाचेच वाक्य आहे.

१९७१ च्या युद्धानंतरचे शिमला, २८ जून ते २ जुलै १९७२. आपल्या हातात सुमारे ९३,००० कैदी आणि पश्चिम पाकिस्तानचा ५,००० चौरस मैलांवर मुलूख. इंदिराबाई कमी बोलणाऱ्या, भुट्टो अखंड बोलणारे. २ तारखेच्या संध्याकाळपर्यंत बोलणी फिसकटल्यात जमा होती. भुट्टो निरोप घ्यायला गेले, दोघे एकटे बोलले, मध्यरात्र उलटल्यावर सह्या. मुलूख परत गेला. काश्मीरची रेषा हळूहळू सीमा होईल हा समझोता तोंडी राहिला. तो झाला होता असे इंदिराबाईंचे सचिव राहिलेले पी. एन. धर यांनी १९९५ मध्ये जाहीरपणे लिहिले, पाकिस्तानने नाकारले. मऊ शास्त्री आणि कणखर इंदिरा, दोघांच्याही हातून शेवटची ओळ कागदावर आली नाही. आपले मुख्य वाटाघाटकार डी. पी. धर ऐन वेळी आजारी पडले आणि सूत्रे इंदिराबाईंचे सल्लागार हक्सर यांच्याकडे आली, हेही विसरू नका. हक्सर यांच्या डोक्यात व्हर्साय (पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला तह) होते: हरलेल्याला चिरडले की वीस वर्षांनी त्याची वसुली होते. म्हणजे टेबलावर कोण बसते याचा परिणाम होतोच. पण तो खंबीर-मऊ असा नाही होत.

तोलकाटा

कैद्यांबद्दल दुरुस्ती. ते ‘आपल्या हातात’ पूर्णपणे नव्हते. शरणागती भारत-बांगलादेश संयुक्त कमांडपुढे झाली होती, त्यामुळे ढाक्याच्या संमतीशिवाय शिमल्याला कैद्यांचा सौदा करताच येत नव्हता. कैद्यांच्या परतीचा दिल्ली करार २८ ऑगस्ट १९७३ चा, पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली फेब्रुवारी १९७४ मध्ये. आणि कैदी ठेवून घेणे दिवसेंदिवस महाग होत होते: रोजचे जेवण, पहारा, जिनिव्हा करार. भुट्टो यांनी हे ओळखून मुलूख आधी मागितला आणि कैद्यांची घाई दाखवली नाही. भुट्टो यांचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का होता. बघा, पुन्हा हिशोब.

रानजाई

भुट्टो यांचा हिशोब म्हणता आहात, तोलकाटा. भुट्टो यांच्या जागी १९७१ चे लष्करशहा याह्या खान शिमल्याला आले असते तर हाच हिशोब त्यांना जमला असता का?

तोलकाटा

नाही. जमला नसता.

बरे, जेवढे पटले तेवढे लिहितो. क्युबातही एक जागा आहे जी माझ्या तराजूत बसत नाही. यू-२ पाडले तर त्या क्षेपणास्त्र तळावर लगेच प्रतिहल्ला, हे आधीच ठरलेले होते. २७ तारखेला विमान पडले, वैमानिक मेला, सेनापती हुकमाची वाट बघत होते, आणि केनेडींनी हल्ला थांबवला. बलाबल, ठराव, लष्करी सल्ला, सगळे दुसऱ्या बाजूला होते. तिथे तो एक माणूसच होता. शिवाय रस्क यांनी १९८७ मध्ये उघड केले की, गुप्त आश्वासन फसले तर संयुक्त राष्ट्रांचे माजी अधिकारी अँड्र्यू कॉर्डियर यांच्यामार्फत तिथले सरचिटणीस उ थांट यांच्या तोंडून उघड अदलाबदलीचा प्रस्ताव यावा, अशी तजवीज केनेडींनी त्याच रात्री करून ठेवली होती. तो राजकीय आत्मघात ठरला असता. त्यामुळे क्युबापुरते अनुस्वार यांचे म्हणणे माझ्यापेक्षा बरोबर आहे. ताश्कंदपुरते नाही.

दर्यावर्दी

आणि त्याच २७ तारखेला जनरल पॉवर यांच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडची (अण्वस्त्रवाहू बॉम्बरांच्या दलाची) विमाने डेफकॉन २ वर, म्हणजे युद्धाच्या एक पायरी अलीकडच्या सज्जतेवर होती. तो दर्जा २४ तारखेला चढवला गेला तेव्हा पॉवर यांनी आपल्या तुकड्यांना संदेश संकेतलिपीत न घालता उघड भाषेत पाठवला होता, रशियनांनी ऐकावे म्हणून. केनेडींना न विचारता. एका माणसाने थांबवलेले दुसरा माणूस खाली पेटवू शकत होता. माझा मुद्दा अजून तिथेच आहे.

माणदेशी

क्युबा तुम्ही वाटून घ्या. शिमल्याबद्दल एक तपशील अनुस्वार यांनी सोडला आणि तो माझ्या बाजूचा आहे. कारगिलच्या रस्त्यावर वरून गोळीबार करता येतो अशी शिखरे, त्यात पॉइंट १३६२०, आपण १९६५ मध्ये घेतली आणि ताश्कंदनंतर परत दिली. १९७१ मध्ये तीच शिखरे पुन्हा रक्त सांडून घ्यावी लागली. मात्र शिमला कराराने ५ ऑगस्टसारखी जुनी तारीख मान्य केली नाही. काश्मीरमध्ये १७ डिसेंबर १९७१ च्या शस्त्रसंधीला जो जिथे होता ती नियंत्रण रेषा, असे कलम घातले. म्हणून ती शिखरे यावेळी आपल्याकडे राहिली. ताश्कंदला हे कलम कोणी मागितले नाही. शिमल्याला मागितले आणि मिळवले. नेता बदलला, कलम बदलले.

तोलकाटा

कलम नीट वाचा. त्याच १७ डिसेंबरच्या रेषेने मुनव्वर तवीच्या पश्चिमेचे छांब पाकिस्तानकडे राहिले, आणि आजही तिकडेच आहे. हाजी पीर देऊन शास्त्रींनी जे छांब परत आणले होते, तेच.